‘सिलेक्शन’ म्हणजे काय?

सुधारित बियाण्यांचा विषय निघाला म्हणजे ‘सिलेक्शन’ हा इंग्रजी शब्द वारंवार कानी पडतो. मराठीत त्यास ‘निवड’ म्हणतात. परंतु हा प्रतिशब्द घरोघरी वेगळ्याच अर्थाने रूढ असल्यामुळे पुष्कळदा घोटाळा होतो. गृहिणी तांदूळ निवडते, तेव्हा ती खडे व कोंडा काढून टाकते. शेतकरी खळ्यावरील राशीतून टपोरे दाणे बियाण्यासाठी बाजूस काढतो, त्यासही तो निवडच म्हणतो. शास्त्रातील सिलेक्शन या दोहोंहून भिन्न आहे. पुढील पिढीचे जनक व्हावेत म्हणून, अंगच्या आनुवंशिक गुणांवरून, उभ्या पिकातील झाडे वेचून काढणे व त्यांची संतती पारखणे, यास सिलेक्शन म्हणावे.

दाण्याची निवड व झाडाची निवड

राशीतील दाणा टपोरा दिसला, तरी तो कोणत्या झाडाचा हे कळण्यास मार्ग नसतो. ते झाड उकिरड्याच्या जागेवरचे असेल, बांधालगतचे असेल, किंवा शेजारी नांगी पडल्यामुळे त्यास दुप्पट जागा मिळाली असेल. असा मोठेपणा खताचा व जागेचा असतो. तो बियाण्यातून पुढे उतरत नाही. खळ्यावरील प्रतवारीने बियाणे स्वच्छ व जोमदार मिळते, आणि म्हणून ती अवश्य करावी. मात्र तिने वाण सुधारत नाही.

हे तत्त्व डेन्मार्कमधील शास्त्रज्ञ विल्हेल्म योहान्सन यांनी १९०३ साली प्रसिद्ध केलेल्या घेवड्यावरील प्रयोगांनी स्पष्ट केले. मिश्र बियाण्यातून जड व हलके दाणे निवडून पेरले असता त्यांच्या संततीत फरक पडला. परंतु एकाच झाडापासून स्वपरागीकरणाने वाढविलेल्या शुद्ध वंशातील जड व हलके दाणे वेगळे पेरले, तेव्हा दोहोंच्या संततीच्या दाण्यांचे सरासरी वजन सारखेच भरले. यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. निवड नवा गुण निर्माण करीत नाही, ती असलेल्या गुणांतून वेचते. तसेच, जेथे आनुवंशिक भेदच नाहीत तेथे निवडीचा उपयोग होत नाही.

निवडीचे दोन प्रकार

पहिला प्रकार समूह निवडीचा. यात उभ्या पिकातील पुष्कळ उत्तम झाडे निवडून त्यांचे बी एकत्र करतात व पुढील वर्षी पेरतात. दुसरा प्रकार शुद्ध वंश निवडीचा. यात प्रत्येक निवडक झाडाचे बी वेगळे ठेवून वेगळ्या ओळीत पेरतात, ओळींची परस्परांशी तुलना करतात आणि उत्तम ठरलेली ओळच वाढवितात. भात, गहू व हरभरा ही बहुतांशी स्वपरागीकरण होणारी पिके असल्याने त्यांत एकाच उत्तम झाडापासून वाण तयार होऊ शकतो. बाजरी व मका यांत परपरागीकरण होते. त्यांची दोन-चार कणसेच बियाण्यासाठी ठेवल्यास पुढे पिकाचा जोम घटतो. अशा पिकांत निदान काही शे झाडांची समूह निवड करावी.

या पद्धतीचे मोल महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्या परिचयाचे आहे. रब्बी ज्वारीचा ‘मालदांडी ३५-१’ हा वाण सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथे स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवड करूनच तयार झाला. भाकरीच्या गोडीसाठी व कडब्यासाठी तो आजही पेरला जातो. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांना १९८३ साली ‘पटेल ३’ या भाताच्या शेतात काही निराळ्या लोंब्या आढळल्या. त्यांनी त्या मळणीत मिसळू दिल्या नाहीत. त्यांचे बी वेगळे पेरून ते वर्षानुवर्षे पारखले व वाढविले. बारीक दाण्याचा ‘एच.एम.टी.’ तांदूळ तो हाच. त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून त्यास हे नाव मिळाले. प्रयोगशाळा नव्हती, परंतु वेगळे झाड ओळखणे, वेगळे पेरणे व वेगळे पारखणे ही सिलेक्शनची तिन्ही अंगे तेथे पूर्ण झाली होती.

शेतावर निवड कशी करावी

१. निवड उभ्या पिकात, कापणीपूर्वी करावी. फुलोऱ्याच्या वेळी एक फेरी मारून लवकर व उशिरा येणारी झाडे पाहून ठेवावीत.

२. सारख्या जमिनीचा, शेताच्या मध्यभागचा भाग घ्यावा. बांधाकडेची, पाटाजवळची व नांगीशेजारची झाडे वगळावीत.

३. केवळ कणसाचा आकार पाहू नये. झाड निरोगी आहे काय, लोळते काय, वेळेवर पक्व होते काय, हेही पाहावे.

४. निवडलेल्या झाडांस सुतळी बांधून खूण करावी. त्यांची कापणी, मळणी व साठवण स्वतंत्र ठेवावी.

५. पुढील वर्षी मूळ बियाणे शेजारी पेरून तुलना करावी. एका हंगामावरून निर्णय करू नये.

कोठे निवड करू नये

संकरित वाणाच्या पिकातून बियाण्यासाठी कणसे निवडण्याची चूक अनेक ठिकाणी होते. संकरित पीक एकसारखे दिसते खरे, परंतु त्याच्या दाण्यांतून पुढील पिढीत निरनिराळ्या गुणांची झाडे निघतात व उत्पन्न घटते. कणीस कितीही भरदार असले तरी हा दोष टळत नाही. म्हणून पिशवीवर ‘संकरित’ असे छापलेले असल्यास दरवर्षी नवे बियाणे घ्यावे. सरळ वाणाचे मात्र घरचे बियाणे राखता येते. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ याने शेतकऱ्यास आपल्या उत्पन्नातील बियाणे राखण्याचा, पेरण्याचा व देवघेव करण्याचा हक्क दिला असून, त्याने विकसित केलेल्या वाणाची नोंदणी करण्याचीही सोय केली आहे.

ग्रामसेवकांनी हा भेद कापणीपूर्वीच शेतकरी बंधूंना शेतावर नेऊन समजावून द्यावा. एकदा मळणी झाली म्हणजे उत्तम झाडाचा व निकृष्ट झाडाचा दाणा एकाच राशीत मिसळतो. मग उरते ती केवळ प्रतवारी. सिलेक्शनची संधी त्या वर्षापुरती गेलेली असते.