कानशीपासून सुरुवात

दहावीला बरे मार्क पडले तर सायन्स, नाही तर आयटीआय, अशी वाटणी माधवनगरच्या घराघरांतून सर्रास होते. एके काळी कॉटन मिल आणि मागांवर जगलेल्या या गावात, कुपवाड-मिरजेची एमआयडीसी हाकेच्या अंतरावर असताना, ही वाटणी मला खटकते. जवळच्या सांगलीच्या शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत जे शिकवलं जातं, ते उरलेल्यांसाठीचं शिक्षण नव्हे.

फिटर ट्रेडचंच बघा. मुदत दोन वर्षांची, आणि सुरुवातीचे कितीतरी दिवस हातात फक्त कानस. व्हाईसमध्ये लोखंडाचा तुकडा, म्हणजे जॉब, धरायचा आणि त्याची एक बाजू सपाट करायची. ऐकायला सोपं वाटतं. पण कानस पुढे ढकलताना आधी पुढच्या हातावर भार हवा, मध्यावर दोन्ही हातांवर सारखा आणि शेवटी मुठीच्या हातावर. हे जमलं नाही की कानस झोके खाते, जॉबच्या कडा जास्त घासल्या जातात आणि मधला भाग फुगीर राहतो. कानस कापते ती पुढे जाताना, म्हणून मागे घेताना दाब सोडायचा. नवख्या मुलाचे खांदे भरून येतात. मग निदेशक जॉब उजेडाकडे धरून त्यावर गुण्या टेकवतात. फटीतून उजेड आला की पुन्हा व्हाईसकडे. सरफेस प्लेटला निळा रंग लावून त्यावर जॉब फिरवला की उंच राहिलेले ठिपके निळे होतात, आणि मग नेमके तेवढेच घासायचे. इथे चूक लपवता येत नाही आणि मार्कांसाठी पाठांतरही चालत नाही. एका मिलिमीटरचा शंभरावा भाग मायक्रोमीटरवर वाचणारा मुलगा पुढे लेथवर किंवा सीएनसीवर उभा राहतो, तेव्हा आकड्यामागचा धातू त्याच्या हाताला ठाऊक असतो.

या भागाला ही परंपरा नवी नाही. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ड्रॉइंग शिकवलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली, औंधच्या राजांनी दिलेल्या माळावर कारखाना उभा केला. तिथलं किर्लोस्करवाडी स्टेशन माधवनगरच्याच पुणे-मिरज रेल्वेमार्गावर आहे. स्वातंत्र्यानंतर 1950 साली कारागीर प्रशिक्षण योजना आली आणि सरकारी आयटीआय तिच्यावर उभ्या राहिल्या. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने कारखान्यांनाही शिकवण्याची जबाबदारी घ्यावी लागली.

आजच्या आयटीआयमध्ये वेल्डरचा कोर्स एक वर्षाचा. दोन वर्षांचा ट्रेड पास झालेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाची वाटही खुली असते. ही माहिती निकालाच्या दिवशी नव्हे, आठवी-नववीतच शाळांनी मुलींना आणि मुलांना द्यायला हवी, आणि वर्गात तोंडी सांगून न थांबता त्यांना वर्कशॉपमध्ये नेऊन कानस हातात द्यायला हवी.