छडीविना अधिकार : न्यायमूर्ती मुधोळकर

वर्तमानपत्राने एखाद्या गृहस्थाची नाहक बदनामी केली, तर त्याने दाद कोठे मागावी? न्यायालयाची वाट लांबची व खर्चाची. सरकारच्या हाती लगाम द्यावा, तर सरकारचे दोष दाखविण्यास कोणी उरणार नाही. हा पेच सुटावा म्हणून न्या. राजाध्यक्ष यांच्या वृत्तपत्र आयोगाने १९५४ साली प्रेस कौन्सिलची शिफारस केली. १९६५ मध्ये कायदा झाला आणि ४ जुलै १९६६ रोजी कौन्सिल स्थापन झाले. पहिले अध्यक्ष न्या. जनार्दन रघुनाथ मुधोळकर. आदल्याच दिवशी त्यांनी सर्वोच्च न्यायालयातील पद सोडले होते.

मुधोळकर घराणे अमरावतीचे. वडील रघुनाथराव नामांकित वकील आणि १९१२ च्या बांकीपूर काँग्रेसचे अध्यक्ष. जनार्दनरावांनीही वकिलीच पत्करली. पुढे उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती होऊन १९६० साली ते सर्वोच्च न्यायालयात गेले. तेथे सज्जनसिंग खटल्यात त्यांनी शंका काढली : घटनेचे मूलभूत स्वरूपच बदलले, तर ती दुरुस्ती म्हणावी की घटना नव्याने लिहिणे? नागपूरच्याच वकीलवर्गातून आलेल्या न्या. हिदायतुल्ला यांनीही त्याच खटल्यात आपली शंका नोंदविली. १९७३ च्या केशवानंद भारती निकालात हाच विचार पुढे मान्य झाला.

अशा कायदेपंडिताच्या हाती कौन्सिलचे कोणते शस्त्र आले? दंड नाही, कैद नाही, छापखान्यास टाळे नाही. तक्रारीची चौकशी करून ताकीद द्यावी, समज द्यावी किंवा निषेध नोंदवावा, एवढेच. १९६८ पर्यंत त्यांनी हे पद सांभाळले.

आम्ही शिक्षकी पेशातली माणसे. छडी उगारून वर्ग गप्प बसतो, पण सुधारत नाही, हे आम्ही रोज पाहतो. तरीही नुसत्या शब्दाने काय होणार, असे कोणी विचारील. उत्तर इतिहासात आहे. आणीबाणीत, १ जानेवारी १९७६ पासून, हे कौन्सिलच रद्द करण्यात आले. जिच्याजवळ साधी छडी नव्हती, ती संस्थाही सत्तेला नकोशी झाली! १९७८ च्या कायद्याने ती पुन्हा उभी राहिली.

राहुल बारपुते यांच्यासारखे संपादक पाहिलेल्या या इंदूरात वर्तमानपत्राची किंमत सांगावयास नको. आणि पलासियातील आपल्या ट्रस्टचे तरी काय? आपल्या विश्वस्तांपाशीही छडी नाही. सभासदांसमोर चोख हिशेब ठेवावा आणि चुकल्यास चुकलो म्हणावे, यावरच त्यांचा शब्द चालतो. महोत्सवाच्या या वर्षी एवढे ध्यानी धरले तरी पुष्कळ झाले.