पॅकेजच्या नावातली शेपटी

इयरफोन लावलेत ना? आजचा भाग छोटा आहे: लिनक्समध्ये एकाच पॅकेजची चार भावंडं असतात, त्यांची नावं वाचायची कशी?

मे महिन्यात मालवणला आत्याच्या खानावळीचं मेनूकार्ड तिच्या जुन्या, डेबियनवाल्या लॅपटॉपवर करून दिलं. प्रिंट बघून आत्या म्हणाली, "ह्यो 'ल' आपलो नाय हा! सोलकढी अशी लिवतत काय?"

खरंच की. आपला ल दोन पाकळ्यांचा, छापलेला मात्र उजवीकडे दांडा असलेला, हिंदी वळणाचा. युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रमांक एकच, त्यामुळे वळण कुठलं ते फॉन्ट ठरवतो. आणि मी टाकला होता 'फॉन्ट्स-लोहित-देवा'. हवा होता 'फॉन्ट्स-लोहित-देवा-मराठी'. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं, सगळी स्मॉल.

आता हे नाव डावीकडून वाचा. फॉन्ट्स म्हणजे गट, लोहित हे फॉन्टचं घराणं, देवा ही देवनागरी लिपीची आंतरराष्ट्रीय खूण (देवाधर्माचा संबंध नाही!) आणि शेवटी भाषा. जितकं उजवीकडे जाल तितकं नेमकं. नेपाळीसाठीही असंच वेगळं भावंड आहे.

गंमत म्हणजे फेडोरात हाच फॉन्ट 'लोहित-मराठी-फॉन्ट्स' नावाने येतो. तिथे गट शेवटी. मी आधी फेडोराच्या ब्लॉगवरचं नाव डेबियनमध्ये टाकलं, तर "पॅकेज सापडलं नाही". खानावळीत रेंजची बोंब, त्यात अर्धा तास गेला. प्रोग्रामिंग करणाऱ्यांनाही हाच फटका बसतो: लायब्ररी वापरून कोड कंपाइल करायला लागणाऱ्या हेडर फाइल्स डेबियनमध्ये 'डेव्ह' शेपटीच्या पॅकेजात, फेडोरात 'डेव्हेल'.

विम एडिटरचं बघा. विम-टायनी एकदम आटोपशीर, विम-जीटीके३ मध्ये खिडकीवाला इंटरफेस. डेबियनवर नुसतं 'विम' शोधलंत तर लांबलचक यादी येते, म्हणून शेपटी बघूनच एंटर दाबा.

एक बारकावा राहिला. डेबियनच्या पॅकेजनावात अंडरस्कोर चालत नाही, डॅश चालतो. कारण डाउनलोड झालेल्या फाइलच्या नावात अंडरस्कोर हा कुंपणासारखा असतो: आधी नाव, मग आवृत्ती, मग प्रोसेसरचा प्रकार. फॉन्टला प्रोसेसरशी घेणंदेणं नाही, म्हणून तिथे 'ऑल' लिहिलेलं दिसेल.

मेनूकार्ड पुन्हा छापलं. आत्याने आधी सोलकढीच बघितली, मग दर. दर मी चुकवले होते, पण तो फॉन्टचा दोष नव्हे.