झाडं ओढ्याला, गवत माळाला

सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा सप्टेंबरच्या परतीच्या ढगांवर अवलंबून असतो. उन्हाळ्यात पारा ४४ अंशांच्या घरात जातो. अशा मुलखात झाडं लावायची म्हटलं की पाण्याची चर्चा लगेच सुरू होते, जागेची मात्र होत नाही. मला जागेचा प्रश्न आधीचा वाटतो.

उत्तर सोलापूर तालुक्यातलं नान्नज त्याचं कारण आहे. १९७९ साली इथे माळढोकासाठी अभयारण्य झालं. माळढोक, काळवीट, लांडगा, खोकड हे सगळे उघड्या गवताळ माळाचे जीव. माळाला पडीक समजून तिथे गिरिपुष्प किंवा निलगिरी लावली की कुसळी-पवन्याचं गवत सावलीखाली मरतं आणि त्यावर जगणाऱ्यांचं घर जातं. २०१६ ते २०१९ या काळात राज्यात वृक्षलागवडीच्या मोठ्या मोहिमा झाल्या. २०१९चं लक्ष्य तर ३३ कोटी झाडांचं होतं. आकडा एवढा मोठा असला की मोकळा माळ पहिल्यांदा नजरेत भरतो, आणि तिथेच घोटाळा होतो. या जिल्ह्यात मोठ्या झाडांची हक्काची जागा म्हणजे ओढा.

ओढ्यावर राबणारी गावं इथे आहेत. पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत २०१९ साली राज्यात पहिलं आलं ते बार्शी तालुक्यातलं सुर्डी. ८ एप्रिल ते २२ मे असे ४५ दिवस, ऐन उन्हात, गावोगाव कुदळ-फावडी चालली. स्पर्धेच्या गुणांत रोपवाटिकेचाही वाटा होता, त्यामुळे बांधबंदिस्तीबरोबर पिशव्या भरायलाही हात लागले. पुढच्या समृद्ध गाव स्पर्धेत गवताची कुरणं आणि झाडं हे दोन वेगळे विषय ठेवले गेले, हे मला फार मोलाचं वाटतं. पाण्यासाठी मिळून राबणं सोलापूरला नवं नाहीच. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी अनुयायांना सोबत घेऊन, स्वतः राबून तलाव खोदला, अशी इथली श्रद्धा आहे.

मात्र ओढ्यांवर यंत्रंही फिरली. जलयुक्त शिवार अभियान डिसेंबर २०१४मध्ये आलं आणि नाल्यांच्या खोलीकरण-रुंदीकरणाने वेग घेतला. पाणी थांबलं, पण जिथे पोकलेनने काठ उभे कापले, तिथे जुनी करंजं-उंबरं गेली. काळ्या मातीचा उभा काठ पहिल्याच जोराच्या पावसात ढासळतो आणि उपसलेला गाळ पुन्हा तळाशी येऊन बसतो. खोदलेलं टिकवायचं तर काठाला मुळं हवीत.

ती कुठली, याचं शास्त्र जुन्या ओढ्याकडे नीट बघितलं की कळतं. अगदी पाण्यालगत वाळुंज, निरगुडी, शेरणी. पूर आला की ही वाकतात, आडवी होतात, पाणी ओसरलं की पुन्हा उभी राहतात. त्यांच्या वर उतारावर करंज, उंबर, अर्जुन, जांभूळ. काठाच्या माथ्यावर, शेताच्या अंगाला बाभूळ, हिवर, लिंब, चिंच, बोर. खालचं झाड माथ्यावर लावलं तर ते दुसऱ्या उन्हाळ्यात वाळतं; लिंबासारखं माथ्यावरचं खाली लावलं तर बुडाशी पाणी साचून कुजतं. वेडी बाभूळ माजली असेल तर आधी ती बुंध्यासकट उपटावी लागते. नुसती तोडली तर दुप्पट जोमाने फुटते.

रोपं विकत आणण्यापेक्षा गावातच करावीत. जांभळाची बी वाळली की मेली. फळ खाल्लं की त्याच आठवड्यात ती मातीत जायला हवी. वड आणि उंबर मनगटाएवढ्या फांदीवरून येतात. वाळुंजाची काठी ओल्या काठात खोचली तरी फुटते. करंजाच्या शेंगा उन्हाळ्यात झाडाखाली पडलेल्या असतात, शाळेतली पोरंही त्या गोळा करू शकतात. आणि करंजाला शेळी सहसा तोंड लावत नाही. जिथे राखण परवडत नाही तिथे मी करंज आणि निरगुडीवरच भर देईन.

लावणं एका सकाळचं काम. त्यानंतर तीन उन्हाळे आहेत. खड्डे मे महिन्यात घेऊन तापू द्यायचे, दोन चांगले पाऊस झाले की रोप लावायचं, भोवती बोराटीचं कुंपण करायचं, आळ्यात उसाचं पाचट पसरायचं. फेब्रुवारीपासून पाण्याच्या पाळ्या लावायच्या. त्या आधीच ठरल्या नसतील तर मार्चमध्ये कुणीच येत नाही, म्हणून पाळीची यादी रोपांच्या आधी तयार हवी.

शेजारच्या शेतकऱ्याची तक्रारही ऐकून घ्यायला हवी. सावलीत ज्वारी धरत नाही, आणि कणसं भरली की झाडावरची पाखरं आधी त्याच्याच रानात उतरतात. रब्बीच्या ज्वारीवर ज्याचं वर्ष चालतं त्याला पर्यावरणाचे धडे देऊन काही होत नाही. माथ्यावरची ओळ त्याला विचारून ठरवावी, सावली ओढ्याकडे पडेल असा काठ निवडावा, चिंच-बोराचं उत्पन्न त्याचं हे आधी बोलून घ्यावं. तो राजी असला की शेळ्या हाकलायलाही तोच धावतो.

तिसऱ्या उन्हाळ्यात पाणी हळूहळू तोडायचं. आधी आठवड्याला, मग पंधरवड्याला, मग महिन्याला एक पाळी. पानं टवटवीत राहिली तर मूळ ओलीपर्यंत पोचलं असं समजावं. मग घागरी आणि कुदळी उचलून पुढच्या वळणावरचा उघडा काठ धरायचा.