एक साप, दोन साप आणि वैद्याची मर्यादा

आपल्यापैकी अनेकांच्या मोटारीच्या काचेवर किंवा लेटरहेडवर काठीला विळखा घातलेल्या सापाचे चिन्ह असते. कधी त्या काठीवर एकच साप असतो, तर कधी दोन साप आणि वर पंखांची जोडी. दोन्ही चिन्हे वैद्यकाचीच, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः ती दोन निरनिराळ्या ग्रीक देवतांची आहेत. एका सापाची काठी अ‍ॅस्क्लेपियस या वैद्यांच्या देवाची. जागतिक आरोग्य संघटनेच्या बोधचिन्हात तीच आहे. दोन साप आणि पंख असलेला दंड हर्मीसचा. हर्मीस हा देवांचा निरोप्या, आणि त्याचबरोबर व्यापाऱ्यांचा व चोरांचाही पाठीराखा! अमेरिकी सैन्याच्या वैद्यकीय दलाने १९०२ मध्ये हर्मीसचा दंड आपले चिन्ह म्हणून स्वीकारला आणि पुढे हा घोटाळा अधिकच रूढ झाला.

इंदूर शहरात चाळीस वर्षे फिजिशियन म्हणून काम केल्यावर थोडी सवड मिळाली, तेव्हा मी ग्रीक पुराणकथा निवांतपणे वाचल्या. त्यांत वैद्यकासंबंधी जे सापडले ते केवळ मनोरंजक नव्हते. वैद्याने कोठे थांबावे आणि रोग्याने काय मागावे, हे दोन प्रश्न त्या कथा फार स्पष्टपणे विचारतात.

प्रथम अ‍ॅस्क्लेपियसची कथा पाहू. तो अपोलो देव आणि कोरोनिस नावाची मानवी स्त्री यांचा पुत्र. कोरोनिसचे प्रेत चितेवर असताना अपोलोने तिच्या उदरातून या बालकाला बाहेर काढले. अर्धा मानव व अर्धा अश्व असलेल्या कायरॉन या ज्ञानी गुरूने त्याला वाढविले व वैद्यक शिकविले. शिष्य इतका निष्णात झाला की अखेर त्याने मेलेल्या माणसाला उठविले. तेव्हा देवराज झ्यूसने वज्र टाकून वैद्य व रोगी या दोघांनाही भस्म केले. इ.स.पूर्व पाचव्या शतकातील कवी पिंडार याने या अपराधामागचे कारणही सांगितले आहे. ते म्हणजे सोने. हातावर ठेवलेल्या सुवर्णाने एवढ्या थोर वैद्याचीही बुद्धी फिरली. पिंडारने हे काव्य सिराक्यूजचा राजा हायरन याच्यासाठी लिहिले आणि हायरन त्या वेळी आजारी होता. आजारी राजाला धीर देताना कवी त्याला अशक्याची आशा लावीत नाही, हे मला विशेष वाटते.

प्लेटोने ‘रिपब्लिक’मध्ये या कथेवर आक्षेप घेतला आहे. अ‍ॅस्क्लेपियस जर देवाचा पुत्र असेल तर तो लोभी असणार नाही आणि लोभी असेल तर तो देवाचा पुत्र नव्हे, असा त्याचा युक्तिवाद. आपल्याकडे वैद्याला नारायण म्हणण्याची परंपरा आहे. ते स्थान ज्याला हवे त्याने प्लेटोची अटही मानली पाहिजे.

दुसरी कथा वैद्याची नाही, मागणाऱ्याची आहे. उषेची देवता इऑस हिचे ट्रॉयच्या राजकुलातील टिथोनसवर प्रेम जडले. तिने झ्यूसकडे त्याच्यासाठी अमरत्व मागितले व झ्यूसने ते दिले. परंतु चिरतारुण्य मागण्याचे तिला सुचलेच नाही. टिथोनसचे केस पिकले, गात्रे शिथिल झाली, पुढे त्याला हातपायही हलविता येईनात. तेव्हा इऑसने त्याला एका खोलीत ठेवून दारे लावून घेतली. आतून त्याचा आवाज तेवढा अखंड येत राहिला. नंतरच्या काळातील एका कथेप्रमाणे अखेर त्याचा रातकिडा झाला.

आपणांस ही कथा परकी वाटू नये. माळव्यापासून फार दूर नसलेल्या असीरगडावर भळभळती जखम घेऊन फिरणाऱ्या अश्वत्थाम्याची आठवण आजही सांगितली जाते. फरक एवढाच की अश्वत्थाम्याला चिरंजीवित्व शाप म्हणून मिळाले, तर टिथोनसला ते प्रेमापोटी मिळाले. म्हणूनच टिथोनसची कथा अधिक अस्वस्थ करते.

अतिदक्षता विभागाबाहेर मी ही इऑस अनेकदा पाहिली आहे. आपल्या समाजातील कितीतरी घरांत आता वृद्ध आईवडील येथे आणि मुले समुद्रापार असतात. रात्री दूरध्वनी येतो, ‘डॉक्टरकाका, खर्चाचा विचार करू नका, जे शक्य आहे ते सारे करा.’ त्या मुलाच्या प्रेमाविषयी शंका नसते. परंतु व्हेंटिलेटरवर मिळणारे पुढचे चार आठवडे वडिलांना कसे जातील, हा प्रश्न त्या वाक्यात नसतो. तो विचारणे हे डॉक्टरचे काम. दिवस वाढविता येतील, पण त्या दिवसांत ते तुम्हांला ओळखतील का, त्यांना स्वतःला काय हवे होते, हे शांतपणे बोलण्यास बिल वाढविण्यापेक्षा जास्त धैर्य लागते.

आपल्या देशाचा कायदाही आता या प्रश्नापाशी आला आहे. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य करून आपल्या अखेरच्या उपचारांविषयीची इच्छा आधीच लिहून ठेवण्यास, म्हणजे ‘लिव्हिंग विल’ला, मान्यता दिली. जानेवारी २०२३ मध्ये त्याची किचकट पद्धत न्यायालयाने पुष्कळ सोपी केली. झ्यूसकडे नेमके काय मागावे, हे शुद्धीवर असतानाच ठरविण्याची ही सोय आहे.

पुराणकथा देवांच्या, तर इसापच्या नीतिकथा बाजारातल्या आणि घरातल्या. त्यांतही वैद्य येतो, पण त्याची चांगलीच हजेरी घेतली जाते. एका कथेत वैद्य रोज येऊन विचारतो, काय झाले? रोगी म्हणतो, फार घाम आला. वैद्य म्हणतो, उत्तम. दुसऱ्या दिवशी थंडी वाजून आली, तेही उत्तम. तिसऱ्या दिवशी जुलाब झाले, तेही उत्तमच! शेवटी नातलगाने प्रकृती विचारली, तेव्हा रोग्याने सांगितले की या उत्तम लक्षणांनीच मी मरतो आहे. आज घामाच्या जागी रिपोर्ट आले. सगळे आकडे नॉर्मल आणि रोगी बेजार, हे दृश्य आपल्याला नवे नाही.

दुसरी कथा डोळे अधू झालेल्या म्हातारीची. बरे वाटले तरच पैसे, असा साक्षीदारांसमक्ष करार होतो. वैद्य रोज डोळ्यांना लेप लावतो आणि ती डोळे मिटून असताना घरातील एकेक वस्तू लांबवितो. दृष्टी येते, पण म्हातारी पैसे नाकारते. न्यायालयात ती सांगते की पूर्वी मला घरातले सामान दिसत होते, आता काहीच दिसत नाही. रोग बरा झाला आणि घर रिकामे झाले! शस्त्रक्रियेसाठी दागिने मोडणाऱ्या कुटुंबाला ही कथा समजावून सांगावी लागत नाही.

मराठीशी या कथांचा संबंध जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच तंजावरला सरफोजी राजांच्या आश्रयाने इसापच्या कथा ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने मराठीत छापल्या गेल्या. याच सरफोजी राजांना वैद्यकाची मोठी आवड होती. त्यांच्या काळातील नेत्ररुग्णांच्या नोंदी तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात जपून ठेवल्या आहेत. महाराष्ट्राबाहेरच्या एका मराठी दरबारात नीतिकथा आणि नेत्रचिकित्सा शेजारी शेजारी नांदत होत्या, याचा महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मला अभिमान वाटतो.

ग्रीकांनी अ‍ॅस्क्लेपियसला वज्राघाताने मारले, पण त्याची पूजा सोडली नाही. एपिडॉरस येथील त्याच्या मंदिरात शतकानुशतके रोगी येऊन झोपत आणि बरे होण्याची वाट पाहत. हिप्पोक्रेटिसच्या नावाने चालत आलेल्या शपथेत त्याचे नाव त्याच्या दोन कन्यांसह येते, एक हायजिया म्हणजे आरोग्य आणि दुसरी पॅनासिया म्हणजे सर्व रोगांवरचा उपाय. पॅनासिया अजून कोणाला सापडलेली नाही. हायजिया मात्र रोज आपल्या दारात उभी असते आणि तिची फी सर्वांत कमी असते. तरुण सहकाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे की विद्या अ‍ॅस्क्लेपियसकडून घ्यावी, वज्र कशासाठी पडले तेही ध्यानात ठेवावे, आणि रोग्याच्या नातलगांशी बोलताना टिथोनसच्या बंद खोलीचे दार एकदा तरी उघडून दाखवावे.