सरहद्द कल्याणनंतर लागते

'काहीतरी वेगळं सुचवा ना,' असं म्हणत वाचनालयाच्या काउंटरशी रेंगाळणारे वाचक ठाण्यापासून कल्याणपर्यंत मी वर्षानुवर्षं पाहत आले आहे. त्यांच्यापुढे विज्ञानकथा धरली की बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असायचं: 'ते शास्त्र-बिस्त्र आपल्याला नाही झेपायचं.' हा नकार मनावर न घेता पुस्तक हातात कोंबणारी माणसं या पट्ट्यात होती, म्हणून विज्ञानकथा आणि अद्भुतकथा इथे वाचल्या गेल्या, असं माझं ठाम मत आहे. समीक्षकांनी या लेखनाला पंगतीच्या कडेलाच बसवलं. वाचनालयांत त्याला स्वतःचं कपाटसुद्धा क्वचितच मिळालं. जयंत नारळीकर कधी शास्त्रीय पुस्तकांत सापडायचे, कधी बालसाहित्यात. नारायण धारप रहस्यकथांच्या खणात आणि भा. रा. भागवत मुलांच्या. शोधणाऱ्याला कोणीतरी सांगणारं लागायचंच.

वाचनालयांची इथे वाण नव्हती. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. डोंबिवलीत १९८६ मध्ये पुंडलिक पै यांनी फ्रेंड्स लायब्ररी सुरू केली आणि नोकरदारांच्या या गावाला ती चांगलीच मानवली. अनामत भरायची, महिन्याची वर्गणी द्यायची, शिवाय दिवाळी अंकांची योजना. नोव्हेंबर सरला तरी 'नवल' आणि 'धनंजय' काउंटरवर टिकायचे नाहीत, कारण गूढ आणि विज्ञानकथांचे भोक्ते तेच आधी उचलायचे. कित्येकांची या प्रकाराशी पहिली गाठ दिवाळी अंकातच पडली. अंकात कथा आवडली की लेखकाचं पुस्तक शोधायचं, असा तो क्रम होता.

शिफारशीचा एक प्रकार आता दिसेनासा झाला आहे. वाचनालयाच्या पुस्तकात शेवटच्या कोऱ्या पानावर कुणी बॉलपेनने लिहून ठेवायचं: 'अप्रतिम. जरूर वाचा.' खाली दुसऱ्या अक्षरात: 'शेवट पटला नाही.' त्याखाली तिसरं कुणी त्या दुसऱ्याशी भांडायचं. त्यावरच 'पुस्तकावर काही लिहू नये' असा जांभळा शिक्का मारलेला असायचा. काही वाचक आपण पुस्तक वाचल्याचं लक्षात राहावं म्हणून एखाद्या ठरावीक पानावर पेन्सिलीने बारीक खूण करायचे. धारपांच्या पुस्तकांत अशा खुणांची दाटी असायची. ओळखदेख नसलेल्या माणसांची ती मूक पसंती होती आणि मी तिच्यावर भरवसा ठेवून पुस्तकं निवडली आहेत.

मराठी विज्ञानकथा त्याआधीही होतीच. पण १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा पहिली आली आणि वारं फिरलं. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. जयंत विष्णू नारळीकरांनी आपली आद्याक्षरं उलटी करून ते घेतलं होतं. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंच्या हाताने लिहून पाठवली होती. जगभर नाव असलेला शास्त्रज्ञ मराठीत कथा लिहितो म्हटल्यावर ज्या घरांत विज्ञानकथेला पोरखेळ मानलं जायचं, तिथेही तिला पाट मिळाला. पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवतांनी अध्यक्षपदावरून या नव्या वाटेची दखल घेतली.

तरीही नारळीकरांचं कुठलंही पुस्तक कुणालाही द्यावं असं नाही. हे पन्नास वर्षांतलं मुख्य शहाणपण. पुस्तक चांगलं असणं पुरत नाही, समोरच्याचं आधीचं वाचन बघावं लागतं. आमच्या लोकलच्या लेडीज डब्यात ऐतिहासिक कादंबऱ्यांशिवाय कशाला हात न लावणाऱ्या एक बाई होत्या. डोंबिवलीला चढायच्या, ठाणं येईपर्यंत गवार निवडून व्हायची आणि मग पुस्तक उघडायच्या. 'पानिपत' त्यांनी किती पारायणं करून वाचलं असेल कोण जाणे. त्यांना 'गंगाधरपंतांचे पानिपत' दिलं. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अशा एका जगात जाऊन पडतात, जिथे विश्वासरावांना लागायची गोळी कानाजवळून निघून गेली आणि मराठे पानिपत जिंकले. बाई दुसऱ्या दिवशी गाडीत बसल्या त्याच मुळी 'अजून आहेत का यांची?' असं विचारत.

या कथेचं आमच्या भागाशी नातं आहे आणि ते मी पुस्तक देताना आवर्जून सांगते. तिचं इंग्रजी रूप 'द ॲडव्हेंचर' नावाने एनसीईआरटीच्या अकरावीच्या इंग्रजी पुस्तकात आलं. त्यात प्राध्यापक पुण्याहून जिजामाता एक्सप्रेसने मुंबईला निघतात. गाडी लोणावळा घेते, कर्जतला जेमतेम थांबते, कल्याण तर धडधडत मागे टाकते आणि मग 'सरहद' नावाच्या स्टेशनात उभी राहते. तिथे परवाने तपासतात, कारण तिथून ब्रिटिशांचं राज्य सुरू होतं. पुढे उपनगरी गाड्यांच्या डब्यांवर छोटा युनियन जॅक रंगवलेला. आता कल्याण ते दादर या पट्ट्यात ही सरहद नेमकी कुठे? गोष्टीत नेमकं ठिकाण दिलेलं नाही, पण इतिहास हात देतो. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला आणि साष्टी घेतली, तेव्हा कल्याण मराठ्यांकडे होतं. म्हणजे मधे खाडी आणि दोन तीरांवर दोन राज्यं, हे चित्र खरोखरच होऊन गेलेलं आहे. तो किल्ला आज ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह आहे. कळव्याच्या पुलावरून गाडी जाताना खाली पाहावं आणि परवाना दाखवायला पर्स चाचपावी, इतकी ती गोष्ट जवळची होऊन जाते. विज्ञानकथा म्हणजे परक्या ग्रहावरची भानगड, हा समज घालवायला मला याहून चांगली कथा मिळालेली नाही.

क्रिकेटवेड्यांसाठी 'उजव्या सोंडेचा गणपती'. उजव्या हाताने गोलंदाजी करणारा एकाएकी डावखुरा होऊन फलंदाजांची दाणादाण उडवतो. त्यामागचं भूमितीचं कारण तोपर्यंत गुंगलेला वाचक तक्रार न करता वाचतो. राजकारणाची चटक असणाऱ्याने 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' संपवलं की अरुण साधूंचीच 'विप्लवा'. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे ही नावं मी पहिल्या भेटीला सहसा काढत नाही. वाचकाला गोडी लागली की मग या मंडळींना पर्याय नाही. लोंढ्यांच्या 'दुसरा आइनस्टाईन'चा इंग्रजी अनुवाद जेम्स गन या अमेरिकी अभ्यासकाने जगभरच्या विज्ञानकथांच्या आपल्या संकलनात घेतला. फोंडक्यांनी संपादित केलेलं 'इट हॅपन्ड टुमॉरो' नॅशनल बुक ट्रस्टने १९९३ मध्ये काढलं आणि मराठी न येणाऱ्या शेजाऱ्यांना द्यायला माझ्याकडे काहीतरी आलं. डोंबिवलीत तमिळ, मल्याळी, गुजराती शेजार सगळीकडेच, त्यामुळे हे पुस्तक माझ्या घरी फारसं राहिलेलं नाही.

अद्भुतकथेची गोष्ट निराळी. धारप सुचवावे लागत नाहीत, ते लपवावे लागत. त्यांच्या 'समर्थ' या नायकाच्या कथा आणि त्या सांगणारे आप्पा जोशी घराघरांत ठाऊक होते, पण मुलांनी ते वाचू नये असं वडीलधाऱ्यांना वाटायचं आणि त्यामुळे मुलं नेमकं तेच वाचायची. २०१८ मध्ये 'तुंबाड' हा चित्रपट आला. धारपांच्या 'आजी' या कथेशी त्याचा धागा असल्याचं कळल्यावर, मराठी पुस्तक कधी हातात न धरलेली पंचविशीतली मुलं धारप मागू लागली. अशा वेळी मी हटकून 'गोग्रामचा चितार'ही पुढे करते, कारण भुताखेतांपलीकडचे, स्वतःचं जग उभारणारे धारप कितीतरी जणांनी पाहिलेलेच नाहीत.

आणि जी. ए. कुलकर्णी. 'रमलखुणा'तली 'इस्किलार' ही मराठीतली श्रेष्ठ अद्भुतकथा आहे असं मी म्हणते, तेव्हा साहित्याचे प्राध्यापक नाराज होतात. व्हावं त्यांनी. नसलेल्या देशातला प्रवास, नियतीची चाहूल, आपली स्वतःची चिन्हं आणि विधी असलेलं जग, हे सगळं तिथे आहे. टोल्किन वाचून आलेल्या मुलीला ती कथा दिली तर तिला कसलीही प्रस्तावना लागत नाही.

दोन हजार सालानंतर चित्र पालटलं. हॅरी पॉटर मराठीत 'परीस' घेऊन आला. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' मुग्धा कर्णिकांनी 'स्वामी मुद्रिकांचा' म्हणून मराठीत आणलं, आणि एवढा अवाढव्य ग्रंथ अंगावर घेणाऱ्या अनुवादिकेचं जेवढं कौतुक व्हायला हवं होतं तेवढं झालं नाही, याची मला चुटपुट आहे. डब्यातली पुस्तकं मोबाइलने गिळली. पण २०१७ मध्ये डोंबिवलीत साहित्य संमेलन झालं, त्याच सुमारास पै यांच्या वाचनालयाने पुस्तकांची अदलाबदल सुरू केली: वाचलेलं आणायचं, न वाचलेलं न्यायचं. त्या टेबलांवर 'मुक्काम शेंडेनक्षत्र' मिळालं तर सोडू नये. ज्यूल व्हर्नच्या धूमकेतूवरच्या सफरीला भा. रा. भागवतांनी असं काही मराठी अंग दिलं आहे, की दहा वर्षांच्या पोराला मूळ लेखक फ्रेंच होता हे सांगूनही पटत नाही.

२०२१ मध्ये नाशिकच्या संमेलनाचं अध्यक्षपद नारळीकरांकडे आलं, विज्ञानकथेसाठी तो मोठा दिवस होता. प्रकृतीमुळे त्यांना तिथे जाता आलं नाही. २० मे २०२५ रोजी ते गेले. त्यानंतर वाचनालयांत त्यांची पुस्तकं मागणाऱ्यांची पुन्हा रीघ लागली आणि 'कुठून सुरुवात करू?' हा जुना प्रश्न नव्याने आला.

आज मी 'वामन परत न आला'पासून सुरुवात करायला सांगते. १९८६ ची कादंबरी. जमिनीत खोल गाडलेला एका लुप्त संस्कृतीचा ठेवा सापडतो, त्यातल्या सूचनांवरून माणसं एक बुद्धिमान यंत्रमानव बनवतात आणि तो त्यांच्या हातात राहील की नाही, हा पेच पडतो. डोंबिवलीजवळच्या पलावात राहणारी, दिवसभर कृत्रिम बुद्धिमत्तेवरच काम करणारी एक मुलगी ती दोन रात्रींत वाचून परत घेऊन आली. यातल्या शास्त्रज्ञांनी घाई का केली, यावर ती माझ्याशी तासभर वाद घालत होती. जाताना तिने बदल्यात मला चिनी लेखक लिऊ त्सिशिनची 'द थ्री-बॉडी प्रॉब्लेम' दिली. सध्या तीच वाचते आहे. सांस्कृतिक क्रांतीच्या पानांपासून तिची सुरुवात होते, त्यामुळे डब्यातल्या त्या इतिहासवाल्या बाईंसाठी ती मराठीत कुणीतरी आणायला हवी.