बॅटरी लो, तयारी झीरो!

१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. सकाळचे दहा वाजलेत. लॉकडाऊनमुळे अर्धी मुंबई डायनिंग टेबललाच ऑफिस म्हणतेय, मीटिंगमध्ये कुणीतरी 'माझा आवाज येतोय का?' विचारतंय आणि तेवढ्यात सगळंच बंद! पंखा थांबला, वाय-फाय गेलं, स्वयंपाकघरातला मिक्सर गप्प झाला. मग आपण वर्षानुवर्षं जे करतो तेच सगळ्यांनी केलं. खिडकीतून डोकावून समोरच्या बिल्डिंगची गेलीये का ते पाहिलं. तिची गेली होती, ठाण्याची गेली होती, नवी मुंबईची पण! लोकल रुळांवर जागच्या जागी उभ्या राहिल्या. काही भागांत वीज दोन-तीन तासांत आली, काही भागांत मात्र रात्र उजाडली.

कारण तसं टेक्निकल होतं. कळवा-पडघा पट्ट्यातल्या ४०० केव्हीच्या लाइन्सनी दगा दिला. पण त्यातली एक गोष्ट मला फार इंटरेस्टिंग वाटते. मुंबईसाठी 'आयलंडिंग' नावाची एक व्यवस्था आहे. बाहेरचं ग्रिड कोलमडलं की शहराने स्वतःला त्यापासून तोडून घ्यायचं आणि आपल्यापुरत्या विजेवर चालत राहायचं, अशी ती योजना. त्या दिवशी तीही टिकली नाही. म्हणजे शहराकडे निदान प्लॅन बी होता. तुमच्या-माझ्याकडे तेवढाही नसतो.

जरा साखळी बघा. वीज गेली की सोसायटीचा पंप बंद, म्हणजे टाकीत आहे तेवढंच पाणी. लिफ्ट बंद, म्हणजे चौदाव्या मजल्यावरची आजी तिथेच अडकली. राउटर बंद, मग सगळे मोबाइल डेटावर तुटून पडणार. टॉवरची बॅटरी काही तासांची, ती संपली की तोही गप्प. मग फोनमधल्या पैशांचा उपयोग काय? खिशात चिल्लर नाही, कोपऱ्यावरच्या वडापाववाल्याचा क्यूआर कोड नुसता शोभेचा. बरं, फोन गेला तर कुणाचा नंबर पाठ आहे? ओळखीच्या दहा-बारा जणांना हा प्रश्न विचारून पाहिला. बहुतेकांना स्वतःचा नंबर आला आणि आई-बाबांच्या घरचा जुना लँडलाइन, जो कधीच कापला गेलाय!

घाबरवायचं नाहीये. हॉलीवूडच्या सिनेमातले लोक तळघरात वर्षभराचे डबे रचून ठेवतात. आपल्या वन बीएचकेत ते डबे कुठे ठेवणार, फ्रिजवर? आणि त्याची गरजही नाही. शहरातलं संकट बहुतेकदा काही तासांचं, फार तर दोन-तीन दिवसांचं असतं. तेवढं निभावून नेता आलं की झालं. आपल्या आज्यांकडे यासाठी झकास शब्द होता, बेगमी. पावसाळ्याआधी कांदे-बटाटे, सुकं जळण, पापड-कुरडया, कंदिलाला तेल. कुणी त्यांना वेडं म्हणत नव्हतं. दहा मिनिटांत सामान घरी यायला लागल्यावर बेगमी करणं आपल्याला मागासलेपणाचं वाटायला लागलं, एवढंच.

आता २६ जुलै २००५ बद्दल. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला जेमतेम ७३. दक्षिण मुंबईतल्या ऑफिसात बसलेल्यांना उपनगरात काय चाललंय याचा पत्ताच नव्हता. पाच वाजता नेहमीसारखे निघाले आणि अडकले. लोक रात्रभर चालले. हायवेच्या कडेच्या वस्त्यांमधल्या माणसांनी अनोळखी लोकांना चहा दिला, बिस्किटं दिली, दोऱ्या धरून पाण्यातून पार केलं. नंतर आपण त्याला 'मुंबई स्पिरिट' नाव देऊन मोकळे झालो. मला या शब्दाचा जरा रागच आहे. ती माणसं ग्रेटच होती, प्रश्नच नाही. पण ज्यांच्याकडे तयारी असायला हवी होती त्यांना तो शब्द फार स्वस्तात सोडवतो.

त्या पावसात काही जण स्वतःच्या बंद गाडीत गुदमरून गेले. बाहेरच्या पाण्याच्या दाबाने दार उघडत नाही आणि पॉवर विंडो ऐनवेळी काम करतीलच असं नाही. म्हणून पाणी चढायला लागलं की एसीच्या मोहात बसून राहायचं नाही. काच खाली करायची, सीट बेल्ट काढायचा, गाडी सोडायची. ईएमआय चालू असला तरी! काच फोडायची छोटी हातोडी मिळते, ती डिकीत नव्हे, हाताशी ठेवायची. आणि फोडायची बाजूची काच, कोपऱ्यात मारून. समोरची लॅमिनेटेड असते, ती तडकते पण फुटून पडत नाही.

गाडी सोडली म्हणजे सुटलो, असंही नाही. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात मुंबईतले एक नामवंत पोटविकारतज्ज्ञ गाडी सोडून पायी घराकडे निघाले आणि उघड्या मॅनहोलमध्ये पडले. झाकण कुणी, का उघडलं हा जाब विचारायलाच हवा. पण तुंबलेल्या रस्त्यातून जावंच लागलं तर हातात काठी किंवा मिटलेली लांब छत्री हवी, पुढचं पाऊल तिने चाचपून टाकायचं. त्याहून उत्तम म्हणजे निघायचंच नाही. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये एक टी-शर्ट, टूथब्रश आणि चालता येईल अशी जुनी चप्पल असली की 'आज इथेच झोपतो' म्हणणं सोपं जातं. बॉस काय म्हणेल हा विचार त्या दिवसापुरता बाजूला.

बॅगेत काय हवं? भरलेली पॉवर बँक, पाण्याची बाटली, शेंगदाण्याची चिक्की, पाचशे रुपये सुट्टे (पाचशेची एक नोट नव्हे, दहा, वीस, पन्नास!), आणि एका कागदावर चार नंबर व रक्तगट. रोज गोळ्या घेत असाल तर तीन दिवसांच्या जास्तीच्या, दम्याचा पंप असेल तर तोही. शहरातलं नेटवर्क तुंबतं तेव्हा कॉल लागत नाही, पण साधा एसएमएस बऱ्याचदा जातो. म्हणून घरच्यांनी मिळून बाहेरगावचा एक नातेवाईक ठरवून ठेवायचा. समजा, नाशिकची मावशी. सगळ्यांनी तिला कळवायचं, तिने सगळ्यांना. मावश्यांना हे काम वेगळं शिकवावं लागत नाही.

घरी माणशी रोजचं तीन लिटर प्यायचं पाणी, दोन-तीन दिवस पुरेल एवढं. सेलवर चालणारा टॉर्च आणि छोटा ट्रान्झिस्टर. फक्त इंडक्शनवर स्वयंपाक करणाऱ्यांनी पोहे, खाकरे, खजूर ठेवावेत. पुरानंतर पोट बिघडतंच. तेव्हा लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा! गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण चालूही करायचं नाही आणि बंदही नाही. रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, आणि बाहेर जाऊन १९०६ ला फोन. इतर कुठल्याही संकटात ११२, मुंबईत महापालिकेचा १९१६.

राहता राहिली आग. जिन्यातल्या त्या लाल सिलिंडरकडे कधी पाहिलंय? त्यावरच्या छोट्या डायलचा काटा हिरव्या पट्ट्यात असायला हवा. महाराष्ट्रात २००६ चा कायदा आहे. आगीची यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, घ्यायचं असतं. पार्किंगच्या भांडणावर तासभर खर्च करणाऱ्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये हा प्रश्न एकदा विचारून बघा. कशी शांतता पसरते!

मी विचारला. सोबत हेही विचारलं, की गच्चीच्या कुलपाची किल्ली कुणाकडे असते? सेक्रेटरीकाकांकडे, असं उत्तर आलं. काका गेले दोन महिने मुलीकडे, न्यू जर्सीला आहेत. डुप्लिकेट आता वॉचमनच्या केबिनमध्ये, खिळ्याला लटकतेय.